प्रत्यारोपित किडनी किती चांगली चालते, हे कसे मोजावे : नव्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

नऊ वर्षांपूर्वी पुण्यात माझे किडनी प्रत्यारोपण झाले. डोनर माझी आई. घरी सोडताना हातात गोळ्यांची लांबलचक यादी, पथ्याचा कागद आणि ‘क्रिएटिनिन व टॅक लेव्हल करून येत जा’ एवढी सूचना मिळाली. (क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा; टॅक लेव्हल म्हणजे टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी.) डायलिसिसच्या दोन वर्षांत क्रिएटिनिन हा शब्द तोंडात बसला होता, पण बंद पडलेल्या किडनीचे क्रिएटिनिन आणि चालत्या किडनीचे क्रिएटिनिन वाचण्यात केवढा फरक आहे, याची मला कल्पना नव्हती. पहिल्या वर्षी ०.१ च्या चढउताराने मी रात्री जागून काढल्या आणि ज्या बदलाने खरोखर दचकायला हवे होते, तो मात्र वहीत लिहून निवांत झोपलो.

तो बदल असा होता. तिसऱ्या महिन्याअखेर माझे क्रिएटिनिन १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर स्थिरावले होते. पुढच्या तपासणीत ते १.२ आले, मग १.३, मग १.४. दर वेळी मी मागच्या रिपोर्टशी तुलना करत होतो आणि दर वेळी फरक ०.१ चाच होता. डॉक्टरांनी वही उघडून पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवला, तेव्हा २७ टक्के वाढ दिसली. बायोप्सीत तीव्र रिजेक्शन, म्हणजे शरीराने परकी किडनी नाकारणे, निघाले. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची तीन दिवस तीन इंजेक्शने झाली आणि क्रिएटिनिन १.३ वर येऊन थांबले, १.१ मात्र पुन्हा कधी दिसले नाही. या काळात मला कुठेही दुखत नव्हते, भूक चांगली होती, लघवीही भरपूर होती. प्रत्यारोपण करताना किडनीच्या नसा जोडल्या जात नाहीत, त्यामुळे ती बिघडू लागली तरी बहुधा दुखून सांगत नाही. तिचे बोलणे आकड्यांतूनच ऐकावे लागते.

गोळ्या कमी-जास्त करणे हे नेफ्रॉलॉजिस्टचे (किडनीतज्ज्ञाचे) काम आहे आणि हा लेख त्यात पडत नाही. आकडा स्वच्छ मिळवणे, नीट नोंदवणे आणि वेळेवर कळवणे ही आपली कामे आहेत. ती कशी करावीत, एवढेच इथे सांगितले आहे.

आधी हाताशी काय हवे

कागदपत्रे :

- डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद. किडनी उजव्या बाजूला बसवली की डाव्या, आणि डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली बारीक नळी) घातला असल्यास तो कोणत्या तारखेला काढला, हे त्यात असले पाहिजे. स्टेंट काढल्याची तारीख सापडत नसेल तर आजच विचारून घ्या. तो पुढे काही आठवड्यांत काढायचा असतो आणि आत विसरला गेला तर जंतुसंसर्ग, खडे आणि अडथळा असे तिन्ही त्रास संभवतात.
- डोनर आणि रुग्ण दोघांचे रक्तगट, एचएलए (पेशींची जुळणी) आणि सीएमव्ही (एक विषाणू) तपासणीचे रिपोर्ट.
- सध्याच्या गोळ्यांची यादी, कंपनीच्या नावासह आणि डोसाच्या वेळांसह.
- प्रत्येक रिपोर्टची मूळ प्रत. मोबाइलमधला फोटो पुरेसा वाटतो, पण त्यात लॅबचे नाव, मोजणीची पद्धत आणि नमुना घेतल्याची वेळ नेमकी कापली जाते.

साधने : दंडावर बांधायचे डिजिटल बीपी यंत्र, वजनकाटा, थर्मामीटर, लघवी मोजण्यासाठी एक लिटरचे खुणा असलेले भांडे आणि एक मोठी वही. मोबाइलवर नोंदी ठेवण्याच्या सोयी पुष्कळ आहेत. मी मात्र वहीच वापरतो, कारण समोरासमोरच्या दोन पानांवर अख्खे वर्ष एका नजरेत दिसते.

डायलिसिससाठी हातात केलेला फिस्टुला (शीर आणि धमनी यांची जोडणी) अजून चालू असेल, तर त्या हातातून रक्त काढू देऊ नका आणि त्या हाताचा बीपीही घेऊ देऊ नका. कलेक्शन सेंटरमध्ये बाही वर करण्याआधीच हे सांगावे; टेक्निशियनला तीच शीर सगळ्यांत टपोरी दिसते.

१. आपला पायाचा आकडा ठरवून घ्या

स्नायूंच्या रोजच्या कामातून क्रिएटिनिन रोज साधारण ठरावीक प्रमाणात तयार होते आणि किडनी ते गाळून बाहेर टाकते. गाळणे मंदावले की रक्तातले प्रमाण वाढते, हे यामागचे साधे तत्त्व. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा ही दोन निरोगी किडन्या असलेल्या माणसांची असते. आपली एकच आहे, शिवाय ती दुसऱ्याच्या शरीरातून आलेली. त्यामुळे १.४ च्या शेजारी छापलेला तारा पाहून घाबरण्यात अर्थ नाही आणि १.२ च्या शेजारी तारा नाही म्हणून निर्धास्त राहण्यातही नाही. ज्याचा पाया ०.८ चा आहे, त्याच्यासाठी १.२ ही दीडपट वाढ आहे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन महिन्यांनी, प्रकृती ठीक असताना, सलग तीन-चार तपासण्यांत जो आकडा पुन्हा पुन्हा येतो तो आपला पाया. तो डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावा. पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी करायची, मागच्या रिपोर्टशी नव्हे. पायाच्या आकड्यापेक्षा २० ते २५ टक्के वाढ झाली तर कारण शोधणे भाग आहे, असे सामान्यतः मानतात. ०.०५ किंवा ०.१ चा चढउतार हा यंत्राचा, पाण्याचा आणि जेवणाचा असू शकतो.

परदेशात राहणाऱ्यांना एक सूचना. ब्रिटनमध्ये आणि इतरही काही देशांत क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देतात. आपल्याकडच्या आकड्याला ८८.४ ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो. म्हणजे इकडचे १.३ तिकडे ११५ होते. बदली होऊन तिकडे गेलेल्या एका परिचिताचे आईवडील ‘एकशे पंधरा’ ऐकून इथे हबकले होते.

२. तपासणीचे वेळापत्रक भिंतीवर लावा

रुग्णालयात पहिले चोवीस तास तर नर्स दर तासाला लघवी मोजत असते. घरी आल्यावर ही जबाबदारी आपल्यावर येते. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्रिएटिनिनसाठी दिलेला क्रम असा आहे : पहिला आठवडा रोज, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला, चौथ्या ते सहाव्या महिन्यात पंधरा दिवसांनी, सातव्या ते बाराव्या महिन्यात महिन्यातून एकदा आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी. आपल्या डॉक्टरांचा क्रम यापेक्षा थोडा वेगळा असू शकतो, तो पाळावा.

मृत दात्याची किडनी मिळालेल्यांच्या घरच्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अशी किडनी कधी कधी उशिरा जागी होते आणि मधल्या काळात डायलिसिस लागू शकते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे क्रिएटिनिन चार दिवसांत नऊवरून दीडवर आले आणि आपले हलत नाही, म्हणून ती किडनी वाया गेली असे होत नाही.

चूक सहसा पहिल्या वर्षानंतर होते. तब्येत उत्तम असते, नोकरी सुरू झालेली असते, आणि दोन महिन्यांची तपासणी आधी चार, मग सहा महिन्यांवर जाते. एका तपासणीचा खर्च आणि एका बायोप्सीसह झालेल्या भरतीचा खर्च मी दोन्ही भरले आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे.

३. रक्त देण्याआधीचा दिवस नेहमीसारखाच असू द्या

आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा आपल्याच स्वयंपाकघरात असतात.

शिजवलेल्या मांसात क्रिएटिनिन तयार झालेले असते आणि ते पोटातून थेट रक्तात जाते. आदल्या रात्री मटणाचा बेत झाला असेल, तर सकाळचे क्रिएटिनिन थोडे चढलेले दिसू शकते. तपासणीच्या आदल्या दिवशी मांसाहार टाळावा हे उत्तम. निदान प्रत्येक वेळी सारखेच जेवण असावे. व्यायामशाळेत मिळणारी क्रिएटिनची पावडर तर घेऊच नये. आदल्या दिवशी अंगमोड होईल असा व्यायाम किंवा शेतातले जड कामही नको.

साखर आणि चरबीच्या तपासणीसाठी उपाशी राहा म्हणतात, तेव्हा पाणी बंद करायचे नसते. मे महिन्यात रात्रभर घाम गाळून सकाळी पाण्याचा थेंबही न घेता लॅबच्या रांगेत उभे राहिले, तर किडनीकडे जाणारे रक्त कमी होऊन क्रिएटिनिन खरोखरच वाढते. निर्जळी उपवासाच्या दुसऱ्या दिवशी तपासणी ठेवू नये, आणि खरे तर प्रत्यारोपणानंतर निर्जळी उपवासच करू नये.

औषधांचेही पाहावे. पहिल्या महिन्यांत फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून आणि लघवीच्या संसर्गापासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोल देतात. त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक किडनीच्या नलिकांमधून क्रिएटिनिन बाहेर पडण्याची वाट अडवतो. गाळण्याचा वेग तोच राहतो, पण रक्तातला आकडा वाढतो. हाच घटक पोटॅशियमही वाढवतो. याउलट डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला खरोखर इजा करतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली एक पट्टी पुरते. झाडपाल्याची आणि ‘किडनी साफ करणारी’ चूर्णे याच रांगेत बसवावीत.

आता लॅबविषयी. क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. माक्स याफे यांनी १८८६ साली दाखवलेल्या रंगबदलावर चालणारी याफे पद्धत स्वस्त आहे, पण रक्तातली प्रथिने, साखर आणि किटोन हे पदार्थही तो रंग काही प्रमाणात धरतात. दुसरी एन्झायमॅटिक पद्धत अधिक नेमकी आहे. मी एकदा हट्टाने एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने, दोन ठिकाणी रक्त दिले होते. एकीकडे १.२४ आले आणि दुसरीकडे १.४१. दोन्ही लॅब चांगल्या होत्या. तेव्हापासून लॅब एकच, वेळ एकच, आणि लॅबने यंत्र किंवा पद्धत बदलली तर तशी नोंद वहीत, हा माझा नियम आहे.

लहान गावातल्या कलेक्शन सेंटरवर दिलेला नमुना मोठ्या शहरात जाऊन तपासला जात असेल, तर पोटॅशियमच्या आकड्याकडे जपून पाहावे. रक्त वेगळे न करता बराच वेळ राहिले किंवा हिंदकळून पेशी फुटल्या की पेशींमधले पोटॅशियम बाहेर येते आणि रिपोर्ट खोटाच उंच दिसतो. नमुना तिथेच यंत्रात फिरवून सिरम (पेशींवेगळे रक्तद्रव) वेगळे करतात का, हे विचारायला संकोच करू नका. तरीही उंच आलेला पोटॅशियम ‘खोटाच असेल’ असे आपण ठरवायचे नाही; डॉक्टरांना लगेच कळवून त्याच दिवशी पुन्हा तपासायचे.

४. टॅक लेव्हल : गोळीआधी, जांभळ्या बुचाच्या नळीत

टॅक्रोलिमस हे औषध शरीराला परकी किडनी सोसायला लावते. ते कमी पडले तर रिजेक्शनचा धोका, जास्त झाले तर त्याच औषधाने किडनीच्या रक्तवाहिन्या आकसून क्रिएटिनिन वाढते. म्हणजे क्रिएटिनिन वाढण्याची ही दोन कारणे परस्परविरुद्ध आहेत आणि त्यांचे उपायही. म्हणूनच टॅक लेव्हलशिवाय आलेले क्रिएटिनिन अर्धाच रिपोर्ट समजावे.

मोजायची असते ती पुढच्या डोसाच्या लगेच आधीची, म्हणजे सर्वांत खालची पातळी. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्याने रात्री नऊला डोस घेतला असेल, तर रक्त सकाळी नऊच्या सुमारास द्यायचे आणि गोळी त्यानंतर घ्यायची. दिवसातून एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या कॅप्सूलसाठी हेच अंतर चोवीस तासांचे. तपासणी सिरमवर होत नाही, संपूर्ण रक्तावर होते, म्हणून नमुना जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत जातो.

मी केलेली चूक इथे सांगतो. दुसऱ्या महिन्यात सवयीने सकाळची गोळी घेऊन मी लॅबमध्ये गेलो आणि कोणी विचारले नाही म्हणून बोललो नाही. लेव्हल १९ आली. तो आकडा पाहून डोस कमी झाला; पुढच्या आठवड्यात, या वेळी गोळीआधी दिलेल्या रक्तात, लेव्हल ४.६ निघाली, आणि दुसऱ्या महिन्यात ती धोक्याची होती. चूक सर्वस्वी माझी. आता मी गोळ्यांची डबी खिशात घेऊन जातो, रक्त दिल्यावर तिथल्याच बाकावर बसून गोळी घेतो आणि रिपोर्टच्या पावतीवर शेवटच्या डोसाची वेळ लिहून आणतो.

बऱ्याच केंद्रांत पहिल्या महिन्यांत ८ ते १२ आणि वर्षानंतर ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास पातळी ठेवतात; पण प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे असते. आपले विचारून वहीत लिहावे. पातळी अचानक हलली तर आधी ही कारणे तपासा : बुरशीवरचे फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि बीपीसाठीचे डिल्टियाझेम ती वाढवतात, फिट्ससाठीचे फेनिटॉइन आणि क्षयरोगाचे रिफाम्पिसिन ती घटवतात. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही, आणि रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमस इतके खाली येते की क्षयाचे औषध कोणत्याही दवाखान्यात सुरू झाले तरी त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना कळवावे. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य. जुलाबांत पातळी घटेल असे वाटते, पण बहुधा ती वाढते, कारण आतड्याच्या ज्या अस्तरात हे औषध काही प्रमाणात मोडले जाते, तेच दुखावलेले असते. दुकानदाराने ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ म्हणून दिलेली पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घ्यावी लागली तर लेव्हल पुन्हा करावी.

५. ईजीएफआर : सूत्राने काढलेला अंदाज

किडन्या दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, त्याला जीएफआर म्हणतात. तो थेट मोजायचा तर इन्युलिन किंवा आयोहेक्सॉलसारखा पदार्थ शिरेतून देऊन तो किती वेगाने नाहीसा होतो ते पाहावे लागते. रोजच्या उपचारांत हे क्वचितच करतात. रिपोर्टवर येतो तो ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला अंदाज.

घरचेच उदाहरण घ्या. माझे वय ४२, क्रिएटिनिन १.३. आईचे वय ६५, तिचे क्रिएटिनिन १.०. कोणीही म्हणेल, आईची किडनी जास्त चांगली. पण २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात हे आकडे घातले तर माझा ईजीएफआर ७० येतो आणि तिचा ६३. स्त्रीच्या आणि वयस्कर माणसाच्या शरीरात स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिनच कमी तयार होते, आणि सूत्र ते जमेस धरते. दोन्ही किडन्या एकाच शरीरातल्या, एक आता माझ्या पोटात आहे आणि दुसरी तिच्या. जाता जाता, डोनरचीही क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे; घरात सगळे लक्ष रुग्णाकडे असते आणि डोनर ‘मी ठीक आहे’ म्हणून टाळतो.

सापळा सूत्राच्या आवृत्तीचा आहे. माझेच आकडे २००९ च्या जुन्या सूत्रात घातले तर ७० ऐवजी ६७ येतात. लॅबने सूत्र बदलले की ईजीएफआर आपोआप हलतो आणि किडनी मात्र जागच्या जागी असते. दुसरा सापळा अंगकाठीचा. दीर्घ आजारात स्नायू झिजलेल्या माणसाचे क्रिएटिनिन फसवे कमी दिसते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर अवलंबून नसलेली तपासणी सांगतात; पण स्टेरॉइड, थायरॉइडचे विकार आणि शरीरातली सूज यांनी तिचाही आकडा हलतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतच असतात.

६. लघवी : नुसती मोजू नका, तपासाही

लघवी भरपूर होते म्हणजे किडनी उत्तम, हा समज सर्वांत चिवट आहे. पाणी बाहेर जाणे आणि कचरा बाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्रिएटिनिन हलण्याच्या आधी कधी कधी लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. त्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा मधल्या धारेचा नमुना देऊन प्रथिने-क्रिएटिनिन गुणोत्तर काढतात. ते ०.२ च्या खाली असणे चांगले, ०.५ च्या वर जाऊन टिकले तर डॉक्टर मूळ आजार परत आला का, औषधांचा परिणाम आहे का, जुनाट रिजेक्शन आहे का, हे पाहतात. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी किंवा जोरदार व्यायाम असताना हा नमुना देऊ नये. सुरुवातीच्या आठवड्यांत आपल्या जुन्या किडन्यांतूनही थोडी प्रथिने येत असतात, म्हणून पहिल्या रिपोर्टवरून निष्कर्ष काढू नये. ‘केडिगो’च्या सूचनांप्रमाणे पहिल्या महिन्यात एकदा, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली तर रीत अशी : सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवी कॅनमध्ये घेऊन संपवायचे. कॅन थंड जागी ठेवावा. समजा, दोन लिटर लघवी झाली, तिच्यातले क्रिएटिनिन ६० आणि रक्तातले १.२ आले. ६० ला २,००० ने गुणून १.२ ने आणि मग १,४४० मिनिटांनी भागले की क्लिअरन्स, म्हणजे मिनिटाला गाळले जाणारे मिलिलिटर, ६९ निघतो. बाजारात गेले असताना झालेली ३०० मिलिलिटर लघवी कॅनमध्ये पडली नाही, तर हाच आकडा ५९ होतो. एका विसरभोळ्या फेरीने किडनीचे दहा गुण जातात, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी घरी बसून करावे.

७. सोनोग्राफी, डॉप्लर आणि स्कॅन : बाजू आधी सांगा

नवी किडनी पाठीत नसते, ओटीपोटात जांघेच्या वरच्या अंगाला असते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘दोन्ही किडन्या लहान व आकसलेल्या’ असे वाक्य दिसले तर ते जुन्या किडन्यांविषयी आहे. त्या तशाच असायच्या. आपण वाचायचा तो प्रत्यारोपित किडनीचा परिच्छेद : आकार, सूज, अडथळा, भोवती साचलेले पाणी, आणि डॉप्लरमध्ये रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे किडनीतल्या रक्तप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा. तो ०.८ च्या वर असेल तर डॉक्टर लक्ष देतात, पण तो आकडा एकट्याने निदान करत नाही.

डीटीपीए स्कॅनमध्ये किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून किडनीत पोहोचणारे रक्त, गाळणे आणि निचरा दिसतो. कॅमेरा पोटाच्या बाजूने लावावा लागतो, म्हणून प्रत्यारोपण झाल्याचे आणि बाजूचे टेबलावर झोपण्याआधी सांगा. यंत्र जीएफआरचा आकडाही छापते, पण त्यातले खोलीचे गणित बहुधा पाठीतल्या किडन्यांसाठी बसवलेले असते. त्या आकड्यापेक्षा चित्र आणि आलेख यांना डॉक्टर जास्त किंमत देतात.

८. विषाणू आणि प्रतिपिंडे

बीके विषाणू १९७१ साली एका प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत सापडला आणि त्या रुग्णाच्याच आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना तो नव्या किडनीत डोके वर काढतो. ‘केडिगो’च्या २००९ च्या सूचनांत पहिले तीन ते सहा महिने दर महिन्याला आणि नंतर वर्ष संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी त्याची पीसीआर तपासणी सुचवली आहे. ती महाग आहे आणि पहिली काटछाट तिच्यावरच होते. पण बीकेवर मुख्य उपाय औषधे कमी करण्याचा आहे आणि रिजेक्शनवर वाढवण्याचा, त्यामुळे दोहोंतला फरक कळणे महत्त्वाचे. डोनरविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी डॉक्टर गरजेप्रमाणे सांगतात, विशेषतः गोळ्या चुकल्या असतील तर. गोळ्या चुकल्या असतील तर ते खरे सांगा.

९. बायोप्सी

वरच्या सगळ्या तपासण्या ‘काहीतरी बिघडले आहे’ इतकेच सांगतात. काय बिघडले, हे बायोप्सी सांगते. सोनोग्राफीत पाहून, जागा बधिर करून, बारीक सुईने किडनीचा शेवयीएवढा तुकडा घेतात. किडनी पोटाच्या कातडीलगत असल्याने पालथे झोपावे लागत नाही. सुईच्या यंत्राचा खटकन आवाज येतो, त्याची आधी कल्पना असलेली बरी. आधी बीपी आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती किती दिवस थांबवायची ते डॉक्टर ठरवतात. नंतर काही तास सरळ पडून राहायचे आणि प्रत्येक लघवीचा रंग पाहायचा. रक्त दिसले, तर तिथेच सांगायचे.

रिपोर्ट बॅन्फ वर्गीकरणाने लिहितात. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ साली तज्ज्ञ जमले आणि रिजेक्शनची सर्वांना समजेल अशी एक भाषा ठरली, तेव्हापासून हे नाव आहे. रिपोर्टात ग्लोमेरुलसची (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांची) संख्या पाहावी : किमान दहा ग्लोमेरुलस आणि दोन धमन्या असतील तर नमुना पुरेसा मानतात.

१०. कधी आणि कसे कळवायचे

पायापेक्षा २० ते २५ टक्के वाढलेले क्रिएटिनिन, १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, निम्म्यावर आलेली लघवी, दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलेले वजन, पायांवर सूज, किडनीच्या जागी दुखणे, किंवा गोळ्या पोटात टिकू नयेत अशी उलटी, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. निरोप मात्र असा द्यावा की डॉक्टरांना उलट प्रश्न विचारावा लागू नये. गेल्या पावसाळ्यात मी पाठवलेला निरोप तसाच उतरवून देतो :

‘वय ४२, प्रत्यारोपणाला ९ वर्षे. पायाचे क्रिएटिनिन १.३, आज १.६२, लॅब तीच. टॅक लेव्हल ११.८, गोळीआधी, शेवटचा डोस काल रात्री ९ वाजता. तीन दिवस जुलाब, रोज पाच-सहा वेळा. वजन ६१ वरून ५९.४. बीपी १०४/७०. कालची लघवी १,१०० मिलिलिटर. ताप नाही, उलटी नाही, नवे औषध नाही, एकही डोस चुकलेला नाही.’

पंधरा मिनिटांत उत्तर आले. त्यात तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन किती घ्यायचे, रात्रीचा टॅक्रोलिमसचा डोस किती, बीपीची कोणती गोळी दोन दिवस थांबवायची आणि रक्त पुन्हा कधी द्यायचे, एवढे सगळे होते. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.३४ आले.